दारावरची बाई

प्रसेनजीतने ताटातला भात कालवता कालवता निकाल देऊन टाकला. बॉयलर पेटायच्या आत कॉम्प्युटर वडगावला जाणार.

प्रसेनजीत बिद्रीच्या साखर कारखान्यात केमिस्ट होता. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच्या पाळ्या लागत, आणि मग घरात कोण काय करतं हे बघायला त्याला ना दिवसा सवड मिळे ना रात्री. म्हणून घरातल्या रेंगाळलेल्या गोष्टी बॉयलर पेटायच्या आत उरकून टाकायची त्याची रीतच पडून गेली होती. गळकं छप्पर, दाखवायची दाढ, भावकीतला रुसवा, सगळं दसऱ्याच्या आसपास मिटायचं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चार साली, त्या यादीत श्रुतीचा कॉम्प्युटर आला. श्रुती त्याची एकुलती एक मुलगी. बीसीएसच्या पहिल्या वर्षाला तिचा गणिताचा एक विषय राहिला, आणि अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरवर ती दुपारच्या दुपारी गेम खेळत बसते हे प्रसेनजीतने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"वडगावला आत्याच्या पोरांना टायपिंगला तरी उपयोगी पडंल," तो म्हणाला. "दाजी टेम्पो घेऊन येत्यात म्हणालेत."

श्रुती रडली नाही की तडातडा बोलली नाही. ती म्हणाली की हे मारामारीचे गेम नव्हेत, ह्यात गोष्टी असतात, माणसं असतात, नाटकात असतात तशी.

"नाटकातलं तुला काय कळतंय?" प्रसेनजीत म्हणाला. "ते कळतंय आण्णांना."

"मग आण्णांनाच खेळू दे की. ते सांगतील त्यात गोष्ट हाय का नुसता टाईमपास ते. एक न्हाई, दोन गेम खेळू देत. एकावरनं काय कळणार?"

प्रसेनजीत मान हलवून म्हणाला, "चालंल. आण्णा म्हणतील ते फायनल."

आण्णांचा घास तोंडातच राहिला. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आण्णांचं नाव जोतीराम. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पण ऑफिस सुटल्यावरचं त्यांचं खरं आयुष्य गेलं ते नवप्रकाश नाट्यमंडळात. जयंतीला, गणपतीला, कधी जोतिबाच्या वाटेवरच्या गावांतून मंडळाची नाटकं व्हायची आणि प्रत्येक नाटकात आण्णा असायचे. दिसायचे मात्र कुणालाच नाहीत. ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाचं पुस्तक घ्यायचं आणि नटाचं वाक्य अडलं की ते कुजबुजत्या आवाजात पुरवायचं. राजाचं वाक्य त्यांना पाठ, दासीचं पाठ. बायको पारूबाई होती तेव्हा म्हणायची, तुमच्या पोटात अख्खं नाटक हाय, पण तोंडात सोताचं एक वाक्य न्हाई. ती बोलली ते खरंच होतं. तालीम संपली की दिग्दर्शक बाळासो एकेकाला मत विचारायचे, चहा घेऊन आलेल्यालाही विचारायचे. आण्णांना एवढंच विचारायचे, कुठं कुठं अडलं रे.

आणि आता ह्या माणसाने सांगायचं होतं की गोष्ट कशाला म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रुतीने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावरचं भरतकाम केलेलं कापड काढलं, माऊस हातात दिला आणि तो कसा धरायचा, कुठे दाबायचा ते दाखवलं. शेवटी तिने बजावून सांगितलं, "लाईटीचा काय भरवसा न्हाई आण्णा. जरा जरा वेळानं सेव्ह करत चला. लाईट गेली तर आल्यावर तिथनं पुढं खेळता येतंय. न्हाईतर सगळं पहिल्यापासनं."

इंग्रजी आण्णांना डोळ्यांनी येत होतं, जिभेनं नाही. पडद्यावर वाक्य उमटलं की ते चष्मा वर-खाली करून वाचत आणि मग स्वतःशीच मराठीत पुटपुटत. त्या पुटपुटण्याची त्यांना कल्पनाही नव्हती. जन्माची सवय.

पहिला होता होडीचा गेम. त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण घरात त्याला होडीचा गेमच म्हणू लागले. एक मोठी नदी, आणि तुम्ही त्या नदीवरचे नावाडी. लोक येतात, होडीत बसतात, पलीकडे जातात. जाता जाता जो तो आपलं काही सांगतो. नावाडी बोलत नाही. त्याने वल्ही मारायची, मध्ये भोवरे आले, लुटारू आले तर त्यांना तोंड द्यायचं, आणि ऐकायचं. हळूहळू कळतं की ही सगळी माणसं एकाच गावातून उठून चालली आहेत, कारण ते गाव पाण्याखाली जाणार आहे. एक म्हातारी येते ती आपल्या घराच्या दाराची चौकट घेऊन. होडीत जागा नाही, तिला चौकट टाकून दे म्हणून बाकीचे सांगतात, तर ती म्हणते, मग मलाच राहू दे इथं.

आण्णांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. श्रुती शेजारीच बसली होती.

होडीचा गेम त्यांनी शेवटपर्यंत नेला. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्यांना शंका यायला लागल्या. आपल्याला रडू आलं हे खरं, पण कशामुळे? नोकरीत असताना धरणाच्या कामावर गेले होते तेव्हा असाच एक माणूस आपल्या घराची चौकट खणून काढताना त्यांनी पाहिला होता. मग हे रडू गेमचं की त्या माणसाचं? शिवाय तो नावाडी. काही न बोलता दुसऱ्यांचं ऐकणारा. आपल्यासारखाच दिसला म्हणून तर आपल्याला आवडला नसेल? असल्या माणसाचं मत काय कामाचं? ते कूस बदलत राहिले.

दुसरा गेम मंडळातल्या मीरासाबच्या नातवाच्या सायबर कॅफेतून आणलेला होता. त्याला किल्ल्याचा गेम म्हणत. ह्यात तुम्ही एक जासूद. राजाचा निरोप घेऊन तुम्हाला डोंगरावरच्या किल्ल्यात पोहोचायचं आहे. वाटेत गावं, माणसं, लढाया. पण ह्यातला जासूद मुका नव्हता. समोरच्याने काही विचारलं की पडद्याच्या खालच्या बाजूला तीन-चार वाक्यं येत, आणि त्यातलं एक तुम्ही निवडलंत की तेच जासूद बोले. निवडेपर्यंत तो समोरच्याकडे बघत गप्प उभा.

ते बघून आण्णांच्या अंगावर काटाच आला. नट अडला होता. रंगमंचाच्या मधोमध उभा राहून तो विंगेकडे बघत होता, आणि विंगेत ते होते.

पहिल्याच गावाच्या विहिरीपाशी एक बाई भेटते. तिचा नवरा लढाईवर गेलेला. ती विचारते, तू तिकडून आलास, माझा माणूस दिसला का तुला? जासुदाला ठाऊक असतं की तो मेला आहे. खाली चार वाक्यं येतात. दिसला, खुशाल आहे. दिसला, पण तो आता नाही. मी कुणाला ओळखत नाही. आणि चौथं म्हणजे काही न बोलता पुढे जा.

आण्णांनी पहिलं वाक्य निवडलं. बाईचा चेहरा उजळला. बरोबर वाटेना. श्रुतीने शिकवल्याप्रमाणे त्यांनी सेव्ह करून ठेवलेलं होतंच. ते मागे गेले. बाईने पुन्हा विचारलं, माझा माणूस दिसला का तुला. त्यांनी दुसरं निवडलं. बाई मटकन खाली बसली. हे तर त्याहून वाईट. ते मागे गेले. तिसरं. मागे. चौथं. मागे. मग आधी तिला राम राम करून, आधी पाणी मागून, आधी विहिरीला फेरी मारून. पुस्तकात प्रत्येक वाक्याला एक बरोबर जागा असते आणि त्या जागेला एकच वाक्य बरोबर असतं, हे त्यांना जन्मभर ठाऊक होतं. ते वाक्य सापडेपर्यंत पुढे कसं जायचं?

असे बरेच दिवस गेले आणि त्यांच्या मनात निकाल तयार व्हायला लागला. किल्ल्याच्या गेममध्ये माणसंच नाहीत. ती बाई कितीदाही भेटा, तोच प्रश्न, तोच सूर, तोच चेहरा. खुशाल आहे म्हणा, दुसऱ्या वेळी ती ते विसरलेली. ही माणसं नव्हेत, चावी दिलेल्या बाहुल्या. होडीच्या गेममध्ये गोष्ट आहे, पण तिथे आपलं मत रडण्यात वाहून गेलेलं. मग खरं सांगायचं तर एकात गोष्ट असावी असं वाटतं आणि दुसऱ्यात नाही. एवढ्यावर प्रसेनजीत काय म्हणेल ते त्यांना ऐकूच येत होतं. असावी असं वाटतं म्हणजे काय आण्णा? म्हणजे न्हाईच की.

आणि श्रुती. ती रोज कॉलेजातून आली की विचारायची, कुठपर्यंत आलात, आणि आण्णा म्हणायचे, चाललंय. तिच्या डोळ्यांत त्यांच्यावर जो भरवसा होता तो बघून त्यांना जेवण गोड लागेना.

शेवटी एका दुपारी ते गंगावेशीत मीरासाबच्या दुकानात जाऊन बसले.

मीरासाब म्हणजे नवप्रकाशचा हिरो. व्यवसायाने शिंपी, पण आवाज असा की मंडपाच्या मागच्या बांबूपर्यंत पोहोचायचा. आता केस पांढरे झाले होते, तरी शर्टाचं कापड बेतताना तो दरबारात उभा राहिल्यासारखा उभा राही. आण्णांनी सगळं सांगितलं. मीरासाबने कात्री न थांबवता ऐकून घेतलं.

"मग खरं सांग की. तुझं काय जातंय?"

"पोरीचा कॉम्प्युटर जातोय."

"मग खोटं सांग."

"खोटं मला पाठ होत न्हाई." आण्णांनी कापडाचा एक तुकडा उचलून उगाच घडी घातली. "तुझं बरं होतं मीरासाब. वाक्य अडलं तर विंगेत मी होतो. आता मी अडलोय तर विंगेत कोण हाय?"

मीरासाबने कात्री खाली ठेवली आणि गळ्यातली टेप काढली. "जोत्या, एक सांगू का? वाईट वाटून घेणार न्हाईस न्हवं?"

"काय?"

"मला तुझं एक अक्षर कधी ऐकू आलं न्हाई. डाव्या कानानं मी बारक्यापणापासनं बहिरा. आन् बाळासोनं तुला कायम डावीकडच्या विंगेत बसवलेलं."

आण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. "मग अडलास की माझ्याकडं बघायचास ते?"

"बघायचो की. तू पुस्तकावर वाकलेला, ओठ हलायलेत. म्हणायचो, जोत्या जागेवर हाय म्हणजे नाटक बी जागेवर हाय. मग सुचंल ते बोलायचो. लोकं टाळ्या द्यायची."

मीरासाब पुस्तकातलं वाक्य सोडून भलतंच बोलतो, आणि ते आपल्यामुळेच, आपला आवाजच लहान म्हणून त्याला चुकीचं ऐकू जातं, असं आण्णा इतकी वर्षं धरून चालले होते. किती प्रयोगांनंतर ते खाली मान घालून घरी आले होते. पारूबाईला म्हणाले होते, मला नीट वाक्य देता येत न्हाई, सोडून देतो. आता गंगावेशीतल्या त्या अरुंद दुकानात, शर्टाच्या तुकड्यांच्या ढिगाशेजारी बसून, त्यांना आधी राग येईल असं वाटलं. पण आलं ते हसू. खांद्यावरचं ओझं उतरवून ठेवताना येतं तसं.

"आधी का न्हाई सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं. आन् बाळासोनं मला काढला असता. चल, दाव तुझी ती बाहुली."

दुकान बंद करून मीरासाब घरी आला. सूनबाईने, म्हणजे श्रुतीच्या आईने, त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली. आण्णांनी गेम लावला. विहिरीवरच्या बाईने विचारलं, माझा माणूस दिसला का तुला. आण्णांनी एक वाक्य निवडलं, तिचं उत्तर वाचलं, मागे गेले. दुसरं निवडलं, वाचलं, मागे गेले.

मीरासाबने थोडा वेळ हे सोसलं. मग म्हणाला, "हे काय चाललंय?"

"बरोबर वाक्य कंचं ते बघतोय."

"सापडलं?"

"न्हाई. हीच तर खोट हाय. बाईला मागचं काय आठवतच न्हाई. सारखं तेच बोलती."

"आठवंल कसं?" मीरासाबचा आवाज चढला, आणि तो चढला की घरातली भांडीसुद्धा ऐकत. "दर वाक्याला तू पडदा पाडून अंक पहिल्यापासनं लावतोयस. माझ्यासमोर कुणी असं केलं असतं तर मी मिशा काढून घरला गेलो असतो. तिला पुढं बोलू दे की जरा. तू बोललेलं तिला धरून ठिवू दे."

दारात श्रुती उभी होती. नुकतीच कॉलेजातून आलेली, पाठीवर सॅक तशीच. "आण्णा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही एवढे दिवस अजून त्या विहिरीपाशीच हाय?"

आण्णांनी मान खाली घातली.

श्रुती हसू आवरत आत आली. "सेव्ह लाईटीसाठी सांगितलं होतं, आण्णा. बोललेलं पुसायला न्हाई. तुम्ही मागं गेलात की ती बाई पण मागं जाती. तिच्यापुरतं ते झालंच न्हाई मग."

आण्णांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नाटकात पडदा वर गेला की तो अंक संपल्याशिवाय खाली येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तेच ते विसरले होते, कारण ते स्वतः कधी पडद्याच्या पुढच्या बाजूला उभेच राहिले नव्हते. विंगेत बसणाऱ्याला पान उलटून मागे बघता येतं.

"एक बोल आन् पुढं चल," मीरासाब म्हणाला. "काय हुतंय ते बघू."

आण्णांनी चारही वाक्यं पुन्हा वाचली. मग त्यांनी चौथं निवडलं. काही न बोलता पुढे जा.

"वाटलंच मला," मीरासाब म्हणाला.

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. आण्णा मागे गेले नाहीत. चुकले, मार खाल्ला, एका सराईत भलत्याच माणसावर विश्वास ठेवून घोडा घालवला, तरी मागे गेले नाहीत. सेव्ह करायचे ते लाईट जायच्या भीतीने तेवढंच. आणि त्यांना दिसायला लागलं की ह्या गेममधली माणसं हिशेब ठेवतात. ज्या पोराला त्यांनी वाटेत भाकरी दिली तो पुढच्या गावात त्यांच्यासाठी खोटं बोलला. ज्या सावकाराला ते घाबरून हांजी हांजी करत होते त्याने सगळीकडे सांगून ठेवलं की हा जासूद कुणापुढेही वाकतो, आणि मग खरंच लोक त्यांना वाकवू लागले. गोष्ट तशी साधीच होती. राजा, निरोप, किल्ला. पण तिच्या आत माणसं जिवंत होती. आण्णा प्रत्येक वाक्य पुटपुटत वाचत आणि पुढे काय बोलावं ते स्वतःशी पुटपुटत ठरवत.

मधल्या खोलीत खाटेवर प्रसेनजीत पेपर तोंडासमोर धरून पडलेला असे. हंगामाआधीचे ते त्याचे शेवटचे मोकळे दिवस.

टेम्पो येणार होता त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आण्णा किल्ल्याच्या दारापर्यंत पोहोचले. दार बंद. मोठ्या दाराला एक लहान दार होतं, आणि त्याच्या झरोक्यातून पहारा करणारं माणूस बाहेर डोकावलं. ती विहिरीवरची बाई होती. नवऱ्याची वाट बघून ती गाव सोडून किल्ल्यावर चाकरीला लागली होती.

ती म्हणाली, त्या दिवशी तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि काही न बोलता निघून गेलास. तुला ठाऊक होतं. हे दार तुझ्यासाठी उघडणार नाही.

आण्णा कितीतरी वेळ त्या वाक्याकडे बघत बसले. मग लाईट गेली.

रविवारी सकाळीच संग्राम टेम्पो घेऊन आला. संग्राम म्हणजे आण्णांचा वडगावचा जावई, बाजारात भाजीपाल्याची वाहतूक करणारा, मनाने मोकळा. टेम्पोत कॉम्प्युटरला धक्का लागू नये म्हणून त्याने गवताच्या पेंढ्या टाकून आणल्या होत्या. तो आत येऊन जमिनीवर मांडी घालून बसला. सूनबाईने चहा ठेवला. मीरासाबलाही बोलावणं गेलं होतं. तो आण्णांच्या उजवीकडे बसायला गेला, मग आठवण झाल्यासारखा उठून डावीकडे बसला.

"हां आण्णा," प्रसेनजीत म्हणाला. "सांगा. गोष्ट हाय का न्हाई?"

आण्णांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. श्रुती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. क्षणभर त्यांनी वाट बघितली. कसली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाजूने कुणी काही पुरवलं नाही.

"दोन्हीत हाय," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता तेवढा लहान निघाला नाही. "होडीच्या गेममधी गोष्ट मोठी हाय. ती म्हातारी चौकट घेऊन आली तवा मी रडलो. मी तिथं नसतो तरी ती तशीच आली असती. तिथं मला काय करायचं न्हवतं, ऐकायचं हुतं. मी जन्मभर तेच केलंय, म्हणून मला ते बरं वाटलं. किल्ल्याच्या गेममधी गोष्ट म्हणशील तर साधी. पण त्यातली माणसं मी काय बोललो ते विसरत न्हाईत. न बोललेलं तर त्याहून विसरत न्हाईत. म्हातारीला मी कोण ते ठाऊक न्हाई. दारावरच्या बाईला ठाऊक हाय."

"मग चांगला कंचा?" संग्रामने विचारलं.

"किल्ल्याचा. मला तो अवघड गेला. चुकत असंन मी." आण्णा थांबले. "न्हाई. चुकत न्हाई."

मीरासाबने मांडीवर थाप मारली. श्रुतीने ओढणी सोडली. आता सगळे प्रसेनजीतकडे बघायला लागले. तो कपातला चहा हलवत बसला होता. साखर केव्हाच विरघळली होती. त्याच्या कपाळावर आठी होती आणि आण्णांना वाटलं, संपलं, आपल्याला धड सांगता आलं नाही.

"ते सगळं खरं," प्रसेनजीत म्हणाला. "पण तिनं दार उघडलं का?"

"कुणी?"

"त्या बाईनं हो. लाईट गेली न्हवं काल. त्यापुढं काय झालं ते कळंना मला. सकाळधरनं डोक्यात तेच हाय."

श्रुती चौकट सोडून पुढे आली. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही ऐकत होता?"

"ऐकायला कशाला पाहिजे? आण्णांची कुजबुज ती. पार मोरीपर्यंत ऐकू येती. बारक्यापणी मी मंडपात शेवटच्या रांगेत बसायचो तिथं यायची." त्याने कप खाली ठेवला. "सावकाराच्या इथं आण्णा वाकले तवा वाटलं उठून सांगावं, अहो असं करू नका."

आण्णा मीरासाबकडे बघायला लागले. मीरासाब म्हणाला, "माझ्याकडं काय बघतोस? शेवटच्या रांगेतल्याचे दोन्ही कान चांगले असतील."

मग कुणी ठरवलं नाही, पण सगळे उठून कॉम्प्युटरसमोर गेले. श्रुतीने गेम लावला. आण्णा खुर्चीत, प्रसेनजीत त्यांच्या खांद्यावरून वाकलेला, संग्राम बशीतला चहा घेऊन मागे, सूनबाई हात पुसत दारात. झरोक्यातून बाई बघत होती. खाली वाक्यं आली आणि आण्णांनी ती मराठीत वाचली. मी राजाचा जासूद आहे, दार उघड. तुला हवं ते देईन. मला ठाऊक होतं, सांगायचा धीर झाला नाही.

"राजाचं नाव सांगा, मामा," संग्राम म्हणाला. "सरकारी काम हाय म्हणावं."

"ती ऐकणार न्हाई," प्रसेनजीत म्हणाला. "तिसरं घ्या, आण्णा."

"गप बसा की रे," मीरासाब म्हणाला. "त्याचं त्याला बोलू द्या."

आण्णांनी तिसरं निवडलं. ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कालची सगळी रात्र त्यांनी हेच वाक्य मनात धरून काढली होती.

झरोका मिटला. मग पुन्हा तो उघडला आणि बाईचं वाक्य आलं. मग आता सांग.

आण्णांनी सांगितलं. तिचा माणूस कुठे पडला, शेवटी काय म्हणाला, कुणी मूठमाती दिली. जे जे पडद्यावर येत गेलं त्यातून ते एक एक निवडत गेले, आणि एकदाही त्यांचा हात अडला नाही. सगळं सांगून झाल्यावर दाराच्या आतून अडसर सरकल्याचा आवाज आला, आणि लहान दार उघडलं.

"सुटलो बाबा," प्रसेनजीत म्हणाला आणि पलंगावर बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. जरा वेळाने, हाताला काहीतरी काम हवं म्हणून विचारल्यासारखं त्याने श्रुतीला विचारलं की त्या राहिलेल्या विषयाचं काय. देते की पप्पा, ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला की दिवाळीपर्यंत संध्याकाळचा गेम आण्णांचा, आणि तू शेजारी बसून गणितं सोडव. आण्णांना वाटलं की आपण पुढे होऊन काही म्हणावं, पण म्हणायचं काही उरलं नव्हतं. त्यांना नुसतं हलकं वाटत होतं. गंगावेशीत वाटलं होतं त्याहून जास्त.

राहिला टेम्पो. वडगावहून आलेला टेम्पो रिकामा कसा धाडायचा, असं म्हणत सूनबाईने मागच्या पडवीतली मोडकी लोखंडी कॉट दाखवली. ती कित्येक हंगाम बॉयलर पेटायच्या आत काढायची राहून गेली होती. प्रसेनजीतने आणि संग्रामने ती गवताच्या पेंढ्यांवर चढवली. कॉम्प्युटरसाठी बांधून आणलेली सुतळी कॉटला लागली.

संग्रामने टेम्पो सुरू केला, पुढे घेतला, आणि कोपऱ्यावर थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मामा, त्या निरोपात हाय काय पण?"

"अजून उघडला न्हाई," आण्णा दारातून म्हणाले.

"उघडला की फोन करा," संग्राम म्हणाला, आणि कॉट खडखडवत टेम्पो वडगावच्या रस्त्याला लागला.